घरी बसलेला कार्यकर्ता आणि मेंदूचे शास्त्र

चळवळीत एखादा कार्यकर्ता थकला, सभेला यायचा बंद झाला, की आपल्याकडे त्याच्याविषयी एकच शब्द वापरला जातो. "बसला." अमका बसला, तमका तर केव्हाच बसला. या शब्दात थोडी चीड असते आणि बराचसा उपहास असतो. कोणी म्हणते, विकला गेला. कोणी म्हणते, बायकोने अडवले. (त्या बायकोने पंचवीस वर्षे त्याच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा करून घातलेला असतो, हे मात्र कोणाला आठवत नाही.) पण ज्या माणसाने आपली उमेदीची वर्षे सतरंज्या घालण्यात आणि वर्गणीची पावतीपुस्तके सांभाळण्यात घालवली, तो एकाएकी का बसतो, हे विचारायला त्याच्या घराची पायरी चढणारे फार थोडे.

आमच्या वस्तीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते असेच बसले. त्यांचे नाव येथे लिहीत नाही, सगळे त्यांना दादा म्हणतात. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही त्यांनी एकच ध्यास घेतला होता. वस्तीतल्या मुलांना अभ्यासाला जागा हवी. दहा बाय बाराच्या घरात सहा माणसे, टीव्ही चालू, शेजारी भांडण. मुलाने स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडायचे कोठे? दादांनी पत्र्याच्या दोन खोल्यांची अभ्यासिका उभी केली. २०१८ साली रस्तारुंदीत ती गेली. पर्यायी जागा देऊ असे तोंडी आश्वासन मिळाले. चार वर्षे दादा एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहिले. २०२२ साली दोन ओळींचे उत्तर आले की अशी जागा उपलब्ध नाही. त्याच वर्षी मंडळाच्या निवडणुकीत काही मतांनी त्यांचे अध्यक्षपद गेले. त्यानंतर दादा घराबाहेर पडेनात. बोलवायला गेले तर म्हणत, "ताई, काही उपयोग नाही." पूर्वी ज्या माणसाला आम्ही 'दादा, आता पुरे करा' म्हणत असू, तोच हे म्हणू लागला.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राची पदवीधर नाही. बी.कॉम. झालेली कारकून आहे. मला जमा-खर्च कळतो आणि फायलीचा प्रवास कळतो. मेंदूच्या शास्त्राकडे मी वळले ती एका प्रशिक्षण शिबिरामुळे. साहेब लोकांसाठी एक व्याख्याते बोलावले होते. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून आम्हा कारकुनांनाही बसवले. विषय होता 'मेंदू आणि नेतृत्व'. व्याख्यात्यांनी पडद्यावर मेंदूचे तीन मजले दाखवले. तळाला सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेंदू, मधे भावनांचा, वर विचारांचा. संकटात वरचा मजला बंद पडतो आणि आत सरडा जागा होतो, असे त्यांनी सांगितले आणि टाळ्या पडल्या. ऐकायला झकास. पण पुढे वाचनालयात बसून वाचले तेव्हा कळले की ही तीन मजल्यांची कल्पना पॉल मॅक्लीन या अमेरिकन शास्त्रज्ञाची, साठच्या दशकातली, आणि मेंदूचे आजचे अभ्यासक ती जुनी झाली असे मानतात. उत्क्रांती अशी मजल्यावर मजला चढवत गेलेली नाही. डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कलावंत, किंवा आपण मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, याही अशाच बाजारगप्पा. विज्ञानाच्या नावाने काहीही खपते, म्हणून आपण चौकशी करूनच घ्यावे.

पण चौकशी करता करता हाती जे लागले, त्याने मला दादांचे कोडे थोडे उलगडले.

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर हे दोन तरुण संशोधक होते. १९६७ साली त्यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. प्रयोग क्रूर होता, वाचताना जिवाला त्रास होतो, आणि त्या मुक्या जिवांचे ऋण मान्य करूनच मी पुढे लिहिते. कुत्र्यांना विजेचे झटके दिले जात. एका गटातल्या कुत्र्याला डोक्याने फळी दाबून झटका बंद करता येई. दुसऱ्या गटातल्या कुत्र्याला तितकेच झटके, तितकाच वेळ. पण त्याने काहीही केले तरी फरक पडत नसे. पुढे सर्वांना अशा पेटीत ठेवले की मधले बुटके आडवे फळकूट ओलांडून पलीकडे गेले की सुटका. ज्यांच्या हाती पूर्वी काहीतरी होते ते उडी मारून गेले. ज्यांच्या हाती काहीच नव्हते, त्यांतले बहुतेक जागच्या जागी बसून कण्हत झटके सोसत राहिले. फळकूट तर दोघांनाही सारखेच होते.

ध्यानात घ्या, वेदना दोन्ही गटांना सारखीच दिली होती. फरक होता तो ती थांबवणे आपल्या हातात आहे की नाही एवढ्याचाच. शास्त्रज्ञांनी याला 'शिकलेली हतबलता' असे नाव दिले. आपल्या केल्याने काही होत नाही हे प्राणी शिकतो आणि मग करायचेच सोडून देतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हे गेले.

गंमत पुढेच आहे. मायर पुढे मेंदूच्या अभ्यासाकडे वळले, कोलोरॅडो विद्यापीठात उंदरांच्या मेंदूवर कित्येक वर्षे काम केले. आणि २०१६ साली, पहिल्या प्रयोगाला पन्नास वर्षे होत आली असताना, या दोघांनी मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी लिहिले की आमचा मूळचा अर्थ उलटा होता. हतबलता शिकावी लागत नाही. दीर्घकाळ मार बसला की निपचित पडणे ही मेंदूची मुळातलीच प्रतिक्रिया आहे. मेंदूच्या देठात डॉर्सल राफे नावाचा पेशींचा पुंजका आहे, तो सिरोटोनिन हे रसायन सोडतो आणि प्राणी थंड पडतो. शिकावी लागते ती दुसरीच गोष्ट. आपल्या कृतीने फरक पडतो, हे शिकावे लागते. उंदराला चाक फिरवून झटका थांबवता आला, की कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग ते टिपतो आणि खालच्या त्या पुंजक्याला आवर घालतो. आणि एकदा हे शिकलेला उंदीर पुढे खरोखर हातात काही नसलेल्या संकटात सापडला, तरी इतरांसारखा कोसळत नाही. लस टोचल्यासारखे होते.

हे उंदरांचे झाले, माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे मलाही कळते. माणसाला भाषा आहे, स्वाभिमान आहे, इतिहास आहे. तरीही हे वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले. कारण दादांना आम्ही मनोमन दुबळे ठरवले होते. "एवढ्याशा पराभवाने खचले" असे बोलणारे आमच्यातच होते. शास्त्र तर म्हणत होते की चार वर्षे सतत मार खाऊन बसणे ही शरीराची साधी रीत आहे, आणि त्याआधी पंचवीस वर्षे हा माणूस बसला नाही, हीच आश्चर्याची गोष्ट आहे. मग आपण विचारायचे ते हे, की इतकी वर्षे त्यांना कशाने उभे ठेवले, आणि ते कधी निसटले?

दादांची अभ्यासिका होती तोवर रोज संध्याकाळी कुलूप उघडणे त्यांच्या हातात होते. किती मुले आली, कोण पास झाले, दिवा गेला तर बदलणे, हे सगळे त्यांच्या केल्याने होत होते. वरची लढाई हरली तरी खालचे काम चालू असे. अभ्यासिका पडली, मागाहून अध्यक्षपदही गेले, आणि हातात उरले काय? फक्त दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणे.

येथे परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यातील काही सालांची आठवण होते. जयंतीच्या व्याख्यानांत आपण विजयाचीच साले सांगतो. १९४६ च्या निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जबर पराभव झाला. त्याच १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. १९५१ साली हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून मंत्रिपदाचा राजीनामा, १९५२ साली मुंबईतून लोकसभेत पराभव. आणि १९५३ साली सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय उभे. १९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूकही गेली. त्यानंतर दोन वर्षांनी नागपूरची दीक्षाभूमी. बाबासाहेबांच्या मेंदूत काय चालले होते हे सांगण्याचा आगाऊपणा कोणी करू नये, मीही करत नाही. पण मतपेटी दुसऱ्याच्या हातात असताना संस्था, ग्रंथ आणि लेखणी आपल्या हातात राहील अशी व्यवस्था त्यांनी जन्मभर ठेवली होती, एवढे या सालांवरून दिसते.

आमच्याकडे मग काय झाले ते सांगते. मी दादांना धीराचे शब्द सांगायचे बंद केले. "सकारात्मक विचार करा" हे वाक्य तर मला विषासारखे वाटते. ज्याच्या हातात खरोखर काही नाही त्याला सकारात्मक विचार करायला सांगणे ही थट्टा आहे, आणि नळाला पाणी नसलेल्या वस्तीत जाऊन मन खंबीर ठेवण्यावर व्याख्यान देणे ही त्याहून मोठी थट्टा. मी त्यांच्याकडे एक कोरी वही घेऊन गेले आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज. २००५ च्या या कायद्याची एक खुबी आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. न दिले तर अपील करता येते. म्हणजे आपण एक पाऊल टाकले की समोरून काही ना काही हालचाल होतेच, आणि ती कधी व्हायची हे आपल्याला आधी ठाऊक असते. कारकुनाला आवक क्रमांकाचे महत्त्व कोणी सांगावे लागत नाही. पोच घेतलेला अर्ज आणि नुसता दिलेला अर्ज यांत जमीन-अस्मानाचे अंतर. दादांनी चार वर्षांत दिलेल्या सतरा अर्जांपैकी पोच होती तिघांची.

पहिला अर्ज मी लिहिला, दादांनी नुसती सही केली, तीही नाखुशीने. त्या कुत्र्यांच्या गोष्टीत पुढचा एक भाग आहे. १९६८ साली त्याच संशोधकांनी बसून राहिलेल्या कुत्र्यांना गळ्याच्या पट्ट्याने ओढून पलीकडे नेले. एकदा नेऊन भागले नाही. पुन्हा पुन्हा ओढावे लागले, आणि हळूहळू ओढण्याला लागणारा जोर कमी होत गेला. मग ते आपणहून जाऊ लागले. हे मला फार खरे वाटते. बसलेल्या माणसाला एकदा भेटून, एकदा समजावून आपण हात झटकतो. "गेलो होतो, पण ते ऐकत नाहीत." तिसरा अर्ज दादांनी स्वतः लिहिला. उत्तरात कळले की पर्यायी जागेचा प्रस्ताव कधी तयारच झाला नव्हता. वाईट बातमी होती. पण दादा त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी रागावलेले दिसले, आणि मला हायसे वाटले. आता त्यांच्या घराच्या ओट्यावर रविवारी सकाळी मुलांचे फॉर्म भरण्याचे काम चालते. जागेचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

शास्त्रातल्या आणखी दोन-तीन गोष्टी कार्यकर्त्यांच्या उपयोगाच्या आहेत. येल विद्यापीठाच्या एमी आर्न्स्टेन यांनी दाखवले आहे की आपल्या ताब्यात नसलेला ताण आला की मेंदूच्या त्या पुढच्या भागात काही रसायनांचा पूर येतो आणि त्या पेशींचे आपसातले दुवे तेवढ्या वेळेपुरते ढिले पडतात. तारतम्य, आवर, पुढचा विचार ही सगळी कामे याच भागाची. म्हणजे पराभवाच्या रात्री माणूस बुद्धीने कमी पडतो, मग तो कितीही शिकलेला असो. झोप नसेल तर आणखीच वाईट. २००७ च्या एका प्रयोगात सुमारे पस्तीस तास जागे ठेवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रे दाखवली, तेव्हा भीतीशी निगडित असलेला अमिग्डला हा मेंदूचा भाग नेहमीपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक खवळलेला आढळला. आपल्याकडे मतमोजणीच्या रात्रीच बैठक लागते, दोन वाजेपर्यंत चालते, एकमेकांची उणीदुणी निघतात, आणि फुटीची बीजे त्याच रात्री पडतात. आमच्या मंडळात आता एक नियम केला आहे. पराभवानंतर तीन दिवस बैठक नाही, आणि कोणाचाही राजीनामा सात दिवस स्वीकारायचा नाही. पहिल्या वर्षातच दोन राजीनामे सातव्या दिवसाच्या आत परत गेले.

दुसरी गोष्ट दुःख बोलण्याची. कॅलिफोर्नियातील मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ साली लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरची भावना शब्दात सांगायला लावली की अमिग्डलाची खळबळ कमी होई. चेहऱ्याला नुसते माणसाचे नाव जुळवायला सांगितले तर तसे होत नसे. आपले पुरुष कार्यकर्ते संताप बोलून दाखवतात, पण 'मला लाज वाटली', 'मला एकटे पाडल्यासारखे झाले' हे त्यांच्या तोंडून निघत नाही. विचारले की म्हणतात, "काही नाही." दादांना अभ्यासिका गेल्यापेक्षा आपल्याच मुलांनी विरोधात मत दिले हे जास्त लागले होते, हे त्यांनी मला सांगायला एक वर्ष लागले. नाओमी आयझेनबर्गर यांच्या २००३ च्या प्रयोगात, संगणकावरच्या चेंडूच्या खेळातून वगळलेल्या माणसाच्या मेंदूत शारीरिक वेदनेच्या वेळी जागा होणारा एक भाग जागा झालेला दिसला. या निष्कर्षाच्या अर्थावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण बहिष्कार म्हणजे काय हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याला ते दुखते की नाही हे समजायला यंत्र लागत नाही.

तिसरी गोष्ट खास आमच्या भगिनींसाठी. जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ सालचा प्रयोग आहे. सोळा विवाहित स्त्रियांना यंत्रात झोपवून, आता विजेचा झटका बसेल असा इशारा दिला जाई. एकट्या असताना, अनोळखी माणसाचा हात हातात असताना आणि पतीचा हात हातात असताना मेंदू कसा वागतो ते पाहिले. पतीचा हात असला की धोक्याला जागे होणारे भाग पुष्कळच शांत राहत, आणि ज्यांचा संसार सुखाचा होता त्यांचे आणखी शांत. हे वाचून मला आमच्या वहिनी आठवल्या, म्हणजे दादांच्या मंडळी. दादा बसले त्या काळात त्या रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी ओट्यावर तांदूळ निवडत बसत. काही बोलत नसत. मी एकदा विचारले तर म्हणाल्या, "बोलून काय करायचं गं? नुसतं बसावं जवळ." हा प्रयोग वहिनींनी यंत्राशिवाय केला. उलट बाजू मात्र लिहिली पाहिजे. बाई कार्यकर्ती असेल आणि ती हरून घरी आली, तर तिचा हात धरायला कोण बसते? तिला स्वयंपाकाला उशीर झाला म्हणून ऐकावे लागते. महिला मंडळाच्या अध्यक्षा एक-दोन वर्षांत बदलतात याचे आपण नवल करतो, ते करू नये.

राहता राहिला विश्रांतीचा मुद्दा. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांचा एक अभ्यास झाला. मोठ्या परीक्षेच्या तयारीचा महिनाभर ताण झालेल्या मुलांचे लक्ष एका कामावरून दुसऱ्यावर नेण्याचे कौशल्य मंदावले होते. परीक्षा संपून महिनाभर मोकळीक मिळाल्यावर ते पूर्ववत झाले. त्यात ब्रूस मॅकइवेन हे शास्त्रज्ञ होते, ज्यांनी ताणाचा मेंदूवरचा परिणाम जन्मभर अभ्यासला आणि जे २०२० साली वारले. मला यातून एवढेच दिसले की नोकरीत आम्हाला अर्जित रजा असते, किरकोळ रजा असते, आजारी रजाही असते. चळवळीतल्या माणसाला कोणतीच रजा नाही. तो एक तर हजर असतो, नाही तर "बसलेला" असतो.

म्हणून आम्ही मंडळाच्या हजेरीपुस्तकात एक रकाना वाढवला आहे, रजेचा. कोणी महिना-दोन महिने रजेवर जाऊ शकतो, कारण विचारायचे नाही, परत आल्यावर त्याचे काम त्यालाच. काही ज्येष्ठांना हे पटले नाही. चळवळ म्हणजे काय सरकारी नोकरी आहे का, असे ते म्हणाले. त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण माझी खरी मागणी दुसरीच आहे, आणि ती रजेपेक्षा कठीण आहे. आपल्या संस्थांत सगळे निर्णय वरच्या चार माणसांच्या हाती असतात. खालचा कार्यकर्ता पोस्टर चिकटवतो, गाडीत माणसे भरतो, खुर्च्या लावतो. जिंकले तर हार वरच्यांच्या गळ्यात, हरले तर त्याच्या वाट्याला फक्त वेदना, आणि ती थांबवायची फळी त्याच्या डोक्याजवळ कधीच नसते. त्याला एखादे काम पूर्ण सोपवा, त्या कामापुरता पैसा आणि सहीचा अधिकार त्याला द्या. आमच्या मंडळात असा ठराव मी मांडला आहे. प्रत्येक गल्लीच्या गटाला वर्षाला पाच हजार रुपये स्वतःच्या निर्णयाने खर्च करता यावेत, हिशेब मात्र पै-पैचा द्यावा. गेल्या वार्षिक सभेत तो पुढे ढकलला गेला. हिशेब कोण तपासणार, असा प्रश्न निघाला. मी तपासीन, असे मी लेखी दिले आहे, आणि त्याची पोचही घेतली आहे.